उताणं निजवताना

पालथं घातलेलं बाळ जास्त शांत झोपतं. हे खरं आहे आणि ते आधीच मान्य केलेलं बरं. रात्री तीन वाजता रडून लाल झालेल्या बाळाला खांद्यावर टाकून ज्यांनी खोलीत येरझारा घातल्या आहेत, त्यांना डॉक्टरांचं 'झोपेतले अचानक मृत्यू टाळायला बाळाला उताणंच निजवा' हे वाक्य फार पुस्तकी वाटतं. उताणं ठेवलं की बाळ दचकतं. दोन्ही हात एकदम फाकतात, बोटं पसरतात आणि इतक्या मेहनतीने मिटलेले डोळे टक्क उघडतात. तेच बाळ पालथं घातलं तर हातपाय दुमडून घेतं, पोटावर दाब आला की वारा सरतो, आणि थोड्याच वेळात घरात शांतता.

माझी मुलगी अशीच होती. मांडीवर, खांद्यावर, कुठेही पालथी असली की सुखात. पाळण्यात उताणी ठेवली की काही मिनिटांत पुन्हा जागी. माझी आई तेव्हा मदतीला आली होती. ती म्हणायची, "अगं, बघ तरी, पालथी किती गाढ झोपते! तूही घटकाभर पाठ टेकशील." आईचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पालथी मुलं अधिक वेळ झोपतात, कमी वेळा जागी होतात, हे झोपेच्या अभ्यासांतही दिसलं आहे. आणि डॉक्टरांना काळजी वाटते ती नेमकी याच गोष्टीची.

मोठ्या माणसाने गाढ झोपावं, त्यात त्याचं भलं आहे. तान्ह्या बाळाला मात्र झोपेतून सहज जाग येणं हीच त्याच्या जिवाची राखण असते. हे मला आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट ऐकलं. बाळाचं तोंड गादीकडे वळलेलं असलं की त्याने सोडलेला श्वास नाकातोंडाजवळच साचतो आणि पुढचा श्वास त्याच हवेतून घेतला जातो. त्या हवेत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. बहुतेक बाळं अशा वेळी चुळबुळतात, डोकं फिरवतात, रडून उठतात. मेंदूच्या तळाशी जो भाग श्वास, हृदयाचे ठोके आणि जाग यांचा कारभार बघतो, तो त्यांना उठवतो. पालथ्या झोपेत मात्र बाळाला जाग यायला अधिक मोठा धक्का लागतो. शिवाय चेहरा गादीला टेकलेला असल्याने अंगातली उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही, आणि अंग तापलं की जाग आणखी दूर जाते. आपल्याला बाहेरून जी शांत झोप दिसते, तिच्या आत हे सगळं चाललेलं असू शकतं.

एक वर्षाच्या आतलं, वरवर पाहता निरोगी असलेलं बाळ झोपेतच दगावतं, आणि शवविच्छेदन, घराची पाहणी, आजारपणाचा इतिहास हे सगळं तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा डॉक्टर त्याला 'सिड्स' (सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, म्हणजे बाळाचा अचानक मृत्यू) म्हणतात. असे मृत्यू सर्वांत जास्त दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात आणि सुमारे ९० टक्के सहा महिन्यांच्या आत. १९९४ मध्ये फिलियानो आणि किनी या दोन संशोधकांनी त्याची एक मांडणी केली, ती मला अजूनही सर्वांत समजण्यासारखी वाटते. तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात: बाळात जन्मतः असलेला, बाहेरून न दिसणारा एखादा कच्चेपणा, वाढीचा तो नाजूक काळ, आणि बाहेरचा ताण, म्हणजे पालथं निजणं, मऊ अंथरूण, अती ऊब, सिगारेटचा धूर. पहिली गोष्ट आपल्याला दिसत नाही. दुसरी प्रत्येक बाळाच्या वाट्याला येतेच. आपल्या हातात राहते ती तिसरी. माझ्या मुलीत तो कच्चेपणा आहे की नाही हे मला कुणी सांगू शकणार नव्हतं, म्हणून मी तिसऱ्या गोष्टीला घट्ट धरून राहिले.

आईची खरी भीती वेगळीच होती. मुलगी दूध प्यायली की गुळणी करायची. "उताणी असताना दूध वर आलं आणि श्वासात गेलं तर? निदान पालथी असली तर बाहेर तरी पडेल," आई म्हणायची. ही भीती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली आहे आणि ऐकताना ती पूर्ण तर्काला धरून वाटते. पुढच्या तपासणीला मी आईला सोबत नेलं. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आडवं बाळ काढलं आणि गळ्यात दोन नळ्या. श्वासनलिका गळ्याच्या पुढच्या बाजूला असते, अन्ननलिका तिच्या मागे. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली राहते. पोटातून दूध वर आलं तरी त्याला श्वासनलिकेत शिरायला वर चढावं लागेल. ते खालीच राहतं आणि बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. मग त्यांनी कागद उलटा फिरवला. आता अन्ननलिका वर आणि श्वासनलिका खाली. दूध आलं तर घरंगळत जिथे जाईल, तिथेच श्वासाचं तोंड. आई त्या कागदाकडे बराच वेळ बघत होती. "म्हणजे मी जे समजत होते त्याच्या बरोबर उलट," ती म्हणाली, आणि कागद मागून घेऊन पर्समध्ये ठेवला.

चित्र पटतं, पण त्याहून मोठा पुरावा असा की गेल्या तीसेक वर्षांत अनेक देशांत कोट्यवधी बाळं पालथ्याची उताणी झाली, आणि दूध श्वासात जाऊन होणारे मृत्यू त्यामुळे वाढले नाहीत. ज्यांना सारखं दूध वर येण्याचा त्रास आहे, त्या बाळांनाही उताणंच निजवायला सांगतात. गादीखाली काही सारून डोक्याकडची बाजू उंच करण्याचा काही उपयोग होत नाही. उलट बाळ खाली घसरून मान दुमडण्याचा धोका असतो.

मग पालथं निजवायला शिकवलं कुणी? हे वाचायला लागले आणि कित्येक दिवस दुसरं काही सुचलं नाही. ते डॉक्टरांनीच शिकवलं होतं. १९५० च्या दशकापर्यंत सल्ला एकसारखा नव्हता. मग अमेरिकेतले बेंजामिन स्पॉक, ज्यांचं बालसंगोपनाचं पुस्तक घरोघरी पोचलं होतं, पालथ्या झोपेची शिफारस करू लागले. कारण तेच, गुळणी घशात अडकेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयात पालथं ठेवलं की त्यांचा श्वास सुधारतो, हेही दिसलं होतं. ते खरं आहे, पण तिथे चोवीस तास यंत्रं लावलेली असतात आणि परिचारिका शेजारी असते. तीच रीत पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांसाठी घरी आली. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात पालथं निजवण्याचा सल्ला पसरला आणि झोपेतले मृत्यू वाढत गेले.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टर सुसन बील १९७० च्या दशकापासून एक काम करत होत्या, जे करायला फार मोठं काळीज लागतं. बाळ गेलेल्या घरी त्या स्वतः जायच्या. आईबाबांशी बोलायच्या, पाळणा, गादी, पांघरूण बघायच्या, बाळ कसं निजवलं होतं आणि कसं सापडलं हे विचारायच्या. अशी शेकडो घरं. पालथं, पालथं, पालथं हे त्यांना त्या घरांतून ऐकू येत गेलं. १९८५ मध्ये हाँगकाँगमधून डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं की तिथे हे मृत्यू फार विरळ आहेत, आणि तिथली बाळं उताणी निजतात. नेदरलँड्समध्ये डी योंग यांनी १९८७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पालथं निजवणं थांबवा. न्यूझीलंडमध्ये मोठा अभ्यास झाला, ब्रिटनमध्ये पीटर फ्लेमिंग यांनी ब्रिस्टलच्या परिसरात तेच दाखवलं. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या दूरचित्रवाणी निवेदिका ॲन डायमंड यांचं बाळ झोपेत गेलं. न्यूझीलंडमध्ये आईबाबांना आधीच सावध केलं जातंय हे कळल्यावर त्यांनी आपल्या सरकारचा पिच्छा पुरवला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनमध्येही उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली. काही वर्षांतच मृत्यू निम्म्याहून खाली आले. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला, १९९४ मध्ये देशभर मोहीम झाली. १९९२ मध्ये तिथली साधारण ७० टक्के बाळं पालथी निजत होती. १९९८ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं आणि सिड्सचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. ना औषध, ना लस, ना यंत्र. फक्त निजवण्याची तऱ्हा बदलली.

यातली सर्वांत जड गोष्ट २००५ मध्ये छापून आली. रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडले आणि दाखवलं की पालथ्या झोपेचा धोका १९७० मध्येच दिसण्यासारखा होता. तेव्हाच कुणी ते नीट जुळवून बघितलं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड धरून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती, असा त्यांचा हिशेब आहे. ही संख्या वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आईबाबा येतात. त्यांनी सांगितलेलं सगळं केलं होतं. डॉक्टरांचं ऐकलं होतं, पुस्तक वाचलं होतं. आज कुणी ज्येष्ठ बाई म्हणाल्या की "आमची मुलं पालथीच निजली, काही झालं नाही", तर त्यांच्याशी आवाज चढवून बोलू नये असं मला मनापासून वाटतं. त्या काळी तज्ज्ञांनी जे हातात दिलं, ते त्यांनी नेकीने पाळलं.

कुशीवर निजवण्याबद्दल थोडंच. मधला मार्ग म्हणून तो फार जणांना आवडतो आणि सुरुवातीच्या काळात सल्ल्यातही तो होता. पण कुशीवरचं बाळ स्थिर नसतं, जरा हललं की पालथं पडतं. म्हणून नंतर तोही बाद झाला. आधाराला लोड लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. लोडच नाकाशी येऊ शकतो.

पाठीवर निजवलं की काम संपत नाही. बाळ कशावर निजलंय हेही तितकंच महत्त्वाचं. गादी सपाट हवी आणि इतकी घट्ट हवी की बाळाच्या डोक्याने खळगा पडता कामा नये. चादर ताणून बसवलेली. गादी आणि पाळण्याच्या कडेत दोन बोटांहून जास्त फट नको. आणि आत दुसरं काही नको: उशी नको, रजई नको, मऊ खेळणं नको, कडेने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या नकोत. असा पाळणा उघडाबोडका दिसतो. भेटायला येणाऱ्यांना तो दिसतो आणि ते उशा, मऊ सशांच्या जोड्या घेऊन येतात. मला तो रिकामा पाळणा बघून वाईट वाटायचं, कारण प्रेम दाखवायला आपल्याला मऊपणाच सुचतो. पण बाळाला उशीची गरज नसते. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यात मागचा भाग फुगीर. उशी घातली की मान पुढे दुमडते. बाळाची श्वासनलिका बारीक आणि लवचीक असते, हनुवटी छातीला टेकली की ती दबते. तिरक्या बाळखुर्च्या, झोके, गाडीतलं आसन, अंगाला बांधायची झोळी, या सगळ्यांत झोपेचा धोका तोच आहे. प्रवासात बाळ गाडीच्या आसनात झोपणारच, त्याला इलाज नाही आणि आसन तर हवंच; पण पोचल्यावर बाळाला उचलून सपाट जागी ठेवावं. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून, दहा अंशांहून जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधनं आणि कडेच्या गुबगुबीत पट्ट्या विकायला बंदी घालण्यात आली. कायदा येण्याआधी अशा साधनांत बरीच बाळं गेली होती. 'बाळाला शांत झोप' असं खोक्यावर लिहिलेलं असणं आणि ती वस्तू झोपेसाठी सुरक्षित असणं, या दोन गोष्टींचा काही संबंध असेलच असं नाही.

ऊब किती, हा घरोघरीचा वाद. हातपाय गार लागले म्हणून आणखी एक थर चढवला जातो. बाळाचे तळवे गार असतातच. मान किंवा छातीवर हात ठेवून बघावं. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा. घरात झोपताना टोपी नको, कारण बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकतं.

आता सर्वांत अवघड जागा. दूध पाजता पाजता आईला झोप लागते. बाबा बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर बसतात आणि त्यांचे डोळे मिटतात. यात कुणाचा निष्काळजीपणा नसतो, शरीरच हार मानतं. बाळ जवळ असावं ही ओढही चुकीची नाही. किमान पहिले सहा महिने बाळ आईबाबांच्याच खोलीत, पण आपल्या वेगळ्या, सपाट जागेवर निजावं, असाच सल्ला आहे. पण सोफा किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोपणं हे सगळ्यांत घातक. अंग आणि गादीच्या खाचेत बाळ कधी सरकतं ते कळत नाही. त्यामुळे माझ्या नवऱ्याने आणि मी एक ठरवलं होतं. रात्री पाजताना मी सोफ्यावर बसायचं नाही, पलंगावरच बसायचं, उशा आणि पांघरुणं आधी बाजूला सारायची. डोळा लागलाच तर निदान ती जागा सोफ्यापेक्षा कमी धोक्याची. जाग आली की लगेच तिला तिच्या जागी ठेवायचं. घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलेलं असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा वजनाने कमी असेल, तर एका पलंगावर झोपण्याचा धोका बराच वाढतो, तिथे ढिलाई नकोच. अंगावर पाजण्याने सिड्सचा धोका कमी होतो, तेव्हा रात्रीची ही जागरणं वाया जात नव्हती, याचा मला फार आधार होता.

उताणं निजण्याला एक किंमत आहे, ती लपवून उपयोग नाही. डोक्याचा मागचा भाग चपटा होऊ शकतो. सल्ला बदलल्यानंतर अशी बाळं जास्त दिसू लागली. आमच्याकडे मुलगी सारखी दाराकडे तोंड करून निजायची आणि एक बाजू सपाट दिसायला लागली, तेव्हा आई कासावीस झाली. डॉक्टरांनी सांगितलं की एका रात्री डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला ठेवा, म्हणजे दाराकडे बघायला ती मान दुसरीकडे वळवेल. आणि जागी असताना तिला पालथं घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत, अजून रांगत नसलेल्या बाळाने दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं असावं, असं आहे; जागं आणि कुणाच्या नजरेखाली. ही जबाबदारी आईने अंगावर घेतली. जमिनीवर सतरंजी, तिच्यासमोर आजी स्वतः पालथी, आणि दोघी एकमेकींकडे बघत. मुलगी मान उचलायची, थरथरायची, आपटायची, चिडायची. हळूहळू तिने मान धरली. डोक्याचा आकार बराचसा सावरला. मान ताठर असेल किंवा आकार सुधारत नसेल तर मात्र वेळेत दाखवावं.

आणखी एक गोष्ट सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगावी: पाळणाघर, शेजारी, मावशी, काका, कुणीही. ज्या बाळाला नेहमी उताणं निजायची सवय आहे, त्याला एखाद्या दुपारी कुणी पालथं निजवलं तर त्याचा धोका सवयीच्या पालथ्या बाळापेक्षा कितीतरी जास्त असतो. अशा वेळी तोंड बाजूला वळवायचा सराव त्याला नसतो. म्हणून 'एकदा झोपली तर काय होतंय' हे इथे चालत नाही. मी प्रत्येकाला सांगितलं, परत परत सांगितलं, आणि ते ऐकून कुणी दुखावलंही गेलं असेल.

दचकण्यावर दुपट्यात गुंडाळणं हा इलाज आम्हाला उपयोगी पडला. हात छातीशी, कंबर आणि पाय मोकळे हलतील इतकं सैल, आणि नेहमी उताणं. पण त्यालाही मुदत असते. बाळ कूस बदलायचा प्रयत्न करू लागलं, साधारण तीन-चार महिन्यांत, की गुंडाळणं त्याच दिवशी बंद, कारण बांधलेल्या हातांनी ते पालथं पडलं तर त्याला उलटता येणार नाही. दुपटं सुटलं आणि आमच्या रात्री पुन्हा तुकड्यातुकड्यांच्या झाल्या. तेही निभावलं.

मग मुलगी स्वतःच पालथी पडायला लागली. ठेवायची उताणी, बघावं तर पालथी. पहिले काही दिवस मी उठून उठून तिला उलटी करत होते, ती पुन्हा वळत होती. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी आपणहून वळता येतंय ना? पालथ्याची उताणी आणि उताण्याची पालथी? मग तिला तशीच राहू द्या. निजवताना तुम्ही मात्र उताणीच निजवा, वर्ष होईपर्यंत. आणि पाळण्यात काही ठेवू नका, आता तर मुळीच नको." मी विचारलं, इतके महिने जे टाळलं ते आता कसं चालेल? त्यांनी सांगितलं की जे बाळ स्वतःच्या बळावर वळतं, त्याची मान आणि खांदे तोंड सोडवून घेण्याइतके तयार झालेले असतात, आणि सर्वांत धोक्याचे महिनेही बहुधा मागे पडलेले असतात. घरी आल्यावर आईला हे सांगितलं. तिने पर्समधली ती चिठ्ठी काढून पुन्हा एकदा बघितली आणि विचारलं, माझ्या भाचीला आठवा लागलाय, तिला ही पाठवू का?